डावा कान

फ्रिडोलिनचं पाकीट आलं, वर तीन तिकिटं जास्तीची.
आत हेफ्टी घराण्याचं कुळचिन्ह:
चर्चमधल्या मशीनवर काढलेल्या प्रतीची प्रत,
बोकडाची दाढी शाईत बुडालेली.
सोबत चिठ्ठी. "वहिनी, ऐंशीव्याला भिंतीवर हवं.
बोकड लाल. टेकड्या तीन, हिरव्या. चांदणी पिवळी.
आणि चांदणी कशालाही टेकता कामा नये."

लाकडात लाल नसतो, फ्रिडोलिन.
लाकडात असतं, आणि नसतं.
दोनच रंग.

बाहेर उणे अठरा. विस्कॉन्सिनचा फेब्रुवारी
गॅरेजच्या दाराखालून पाय आत सोडून बसलेला.
मी हीटर पायाशी ओढते, प्रतीवर पातळ कागद ठेवते
आणि पेन्सिलीने ठरवत जाते:
काळं ते राहील,
पांढरं ते पडेल.
ज्याला कुणीच धरलेलं नाही, ते बेट;
बेट म्हणजे भुशात जाणार.
बोकडाच्या डोळ्यातलं बुबुळ बेट.
ब्रीदवाक्यातल्या प्रत्येक 'ओ'चं पोट बेट.
चांदणी तर बेटच, जन्मापासून.

त्याला फोन केला.
"शिंगाच्या टोकाला एक दांडी देते, काडीएवढी."
"चारशे वर्षं ती मोकळी आहे."
"चारशे वर्षं ती रंगवलेली आहे.
मी कापणार आहे."
तिकडे बराच वेळ नुसता टीव्ही ऐकू आला.
मग म्हणाला, "बारीक दे. दिसली नाही पाहिजे."

करवत वेर्नरची. ड्रिलची टोकं त्याच्या तंबाखूच्या डब्यात,
झाकणावर त्याच्या किरट्या अक्षरात मापं.
तो पाती मोडायचा. घाई. लाकूड ढकलायचा,
मग मलाच शिव्या, मग हसायचा.
मी पातं ताणते, बोटाने छेडते,
बारीक वाजलं की बरोबर.
अक्रोडाची फळी, वर निळी चिकटपट्टी,
त्यावर बोकड डिंकाने.
आधी भोकं: सदतीस.
प्रत्येक भोकातून पातं ओवायचं, अडकवायचं,
कापायचं, सोडवायचं. पुन्हा ओवायचं.
आतलं आधी, बाहेरचं शेवटी,
नाहीतर धरायला हातात काही उरत नाही.

बुबुळाला पापणीतून पूल दिला.
बोकड जरा झोपाळू दिसायला लागला,
थेट वेर्नर, रविवारी जेवणानंतर.

कानाशी आले आणि यंत्र बंद केलं.

माझ्या बापाला कुळचिन्ह नव्हतं.
खाडीकाठी नऊ मेंढ्या, एक होडी, आणि कानाची खूण:
डाव्या कानाला दोन खाचा.
पलीकडच्या स्यूर्नेसवाल्यांची एक, उजवीकडे.
शरदात डोंगरावरून सगळ्या गावाचे कळप
एकात एक मिसळून उतरायचे,
आणि आम्ही पोरं कान चाचपत
आपली मेंढी ओढून काढायचो.
अंधार पडला तरी चालायचं. बोटांना कळायचं.
असतं, नसतं.
मग मी नऊ वर्षांची, बोट, बर्फ, शाळेत नवं नाव,
पुढे चर्चमध्ये आणखी एक नवं नाव.
त्या मेंढ्या कुणी घेतल्या, मी कधी विचारलं नाही.
नवा मालक
खाचांवर खाचा पाडतो म्हणतात.

नकाशात कान साधा होता, पानासारखा.
हीटर मधूनच टक्‌ टक्‌ करत होता.
मी पेन्सिल उचललीच नाही.
करवत सुरू केली, श्वास धरला,
आणि लाकूड दोनदा आत सरकवलं,
दोनदा मागे.
गव्हाच्या दाण्याएवढे दोन तुकडे
भुशात कुठे पडले, दिसलंही नाही.

वाढदिवसाला फ्रिडोलिनने चष्मा वर केला,
सगळ्या हेफ्टींसमोर चांदणी शोधली, दांडी शोधली,
मान हलवली. टेकड्या मोजल्या.
मग अंगठा कानावर थांबला.
"इथे पातं घसरलं का गं वहिनी?"
"घसरलं असेल," मी म्हटलं.
तो बोलला काही नाही,
पण अंगठा तिथेच, पुढे मागे, पुढे मागे,
कुणीतरी केक आणेपर्यंत.